कसकस

रात्री साडेनऊला शेवटचा पेशंट गेला
की झुंबरकाका शटर अर्धं ओढतात
आणि स्टुलावर बसून खोटे आजारी होतात.
मी मोबाइलवर आठ मिनिटं लावते.
दार वाजवायचं (दार नाही, पडदा आहे),
नाव सांगायचं, हात धुतल्यासारखं करायचं,
मग डोळ्यांत बघून इंग्रजीत म्हणायचं
की तुम्हाला हा त्रास होतोय, याचं मला वाईट वाटतं.
या वाक्याला दोन मार्क आहेत.

धनकवडीच्या शेवटच्या स्टॉपपाशी सतरा वर्षं झाली,
हे वाक्य मी कुणाला म्हटलेलं नाही.
"बसा. काय म्हणतंय?" एवढंच.
आणि लोक सांगत आले:
कणकण. कसकस. जीव कसानुसा होतो.
पोटात गोळा फिरतो, बाई, हा बघा, इथून इथे.
सुनेचं नाव घेतलं की चमक येते.
मी लिहून घेत गेले, त्यांच्याच शब्दांत,
औषध मात्र लॅटिनमध्ये.

कसकसला तिकडचा शब्द शोधण्यात
माझ्या तीन संध्याकाळी गेल्या.
ताप नव्हे तो. थकवा तर नव्हेच.
काचेच्या नळीत न चढणारं काहीतरी,
जे फक्त आपलं आपल्याला कळतं
आणि समोरच्याने नुसतं मानायचं असतं.

कागदांचं तर वेगळंच.
डिग्रीवर मी पद्मजा शंकर वाईकर,
पासपोर्टवर पद्मजा निरंजन सोनटक्के.
या दोघी एकच बाई आहेत
हे शपथेवर सांगायला शिवाजीनगर कोर्टाबाहेर
नोटरीच्या छत्रीखाली चाळीस मिनिटं उभी राहिले.
त्याने वर न बघता शिक्का मारला.
दोघींपैकी एकीलाही त्याने पाहिलं नाही.
कॉलेजातला क्लार्क म्हणाला,
इंटर्नशिपचं रजिस्टर गोदामात आहे, मॅडम,
आणि गोदामाची किल्ली रजेवर आहे.

परवा तिकडून पत्र आलं.
परीक्षा पास झालात तर, आणि खाली बारीक अक्षरात:
पहिली पाच वर्षं दूरच्या गावात काढावी लागतील,
जिथे डॉक्टर टिकत नाहीत.
नकाशात बोटांनी ताणून बघितलं.
एक पेट्रोल पंप, एक गोठलेलं तळं,
मोठं हॉस्पिटल दोनशे किलोमीटरवर.
मी "मान्य" दाबलं आणि चक्क पेढे आणले.

झुंबरकाकांनी पेढा कागदासकट खिशात ठेवला, नातीसाठी.
म्हणाले, "म्हंजी आमच्या येल्ह्यासारखंच की."
टोमणा नव्हता त्यात. काकांना तो येतच नाही.
त्यांना कुठे ठाऊक आहे
की अठरा वर्षांपूर्वी एका यादीत माझं नाव होतं,
वेल्ह्याकडचं आरोग्य केंद्र, एक वर्ष फक्त.
बाबांनी एफडी मोडली, बॉण्डचे पैसे भरले.
कोण जाणार त्या घाटात, लाइट नाही, काही नाही.
ती पावती अजून आहे फायलीत,
कागद जपून ठेवायची सवयच मला.
शाळा सोडल्याचा दाखलासुद्धा मागितला त्यांनी.
तेवढी पावती कुणी मागितली नाही.

आज पुन्हा आठ मिनिटं.
केस छातीत दुखण्याची आहे, काकांना पाठ आहे:
डावा हात, घाम, वडिलांना साखर.
पडदा वाजवता येत नाही, तरी वाजवला.
नाव सांगितलं. कुठलं सांगायचं, यात जरा अडखळले.
वाईट वाटण्याचं वाक्य जिभेवर आणलं
तर काका म्हणाले, "बाई, कसकस हाय सकाळधरनं."

आता हे पाठांतरातलं नव्हतं.
चेहरा नेहमीचाच, खोट्या आजाराचा आणि खऱ्याचा
एकच चेहरा आहे त्यांच्याकडे.
मी खुर्ची पुढे ओढली,
नवा डिजिटल थर्मामीटर त्यांच्या काखेत दिला,
टेबलावर मोबाइल आकडे मोजत राहिला.

बाहेर शेवटची बस वळत होती.
आम्ही दोघं गप्प,
आधी काय वाजतंय ते ऐकत.