ताडपत्रीखालचे चार महिने

गाठी सोडायला दोघं लागलो,
मी आणि रुद्राजी मेतरांचा थोरला.
सुंभ पाणी पिऊन दगड झालेलं.
शेवटी कोयत्यानं कापलं.

मग तो वास.
ओल्या गोणपाटाचा, पिंपामागे विसरलेल्या सुपाचा,
आणि आठही सीटवर, शिवणीशिवणीनं,
काळे बारीक ठिपके,
रात्रीत कुणी कारळे पेरून गेल्यासारखे.

पांढरां कित्याक घेतलंस?
हे मी आता विचारत नाही.
पणजीच्या दुकानात नमुन्यांची चोपडी उघडली तेव्हा
ह्यांनी बोट ठेवलं होतं पांढऱ्या रेक्झिनवर
आणि मी तपकिरीवर.
दुकानदार म्हणाला, वहिनी, समुद्रात पांढरंच शोभतं.
देवबागेतली ओल त्यानं बघितली नसावी,
जी वरून पडत नाही,
वाळूतून येते, फळीतून येते,
मिठाच्या बरणीत बसते, मग माणसाच्या गुडघ्यात.

आधी कोरडं पुसायचं.
वाऱ्याकडे पाठ करून, तोंडाला पदर बांधून,
नाहीतर ते उडतं आणि छातीत घर करतं.
मग कोमट पाणी, व्हिनेगर निम्मं निम्मं,
आणि जुने टूथब्रश चार.
एकावर अजून वाघ आहे, मुलाचा, दुधाच्या दातांचा.
ब्लीच नाही. ब्लीचनं एका सकाळी लख्ख होतं सगळं,
पण आतल्या आत दोरा खातं.
गेल्या साली कोल्हापूरचे एक काका बसले
आणि निवतीच्या दीपगृहासमोर
शिवण उसवली टराटरा.
डॉल्फिन त्या दिवशी कुणी पाहिलेच नाहीत.

घासताना कळतं,
सपाटीवर ती नुसती पाहुणी असते,
एका फडक्यात जाते.
शिवणीत मात्र कूळ असल्यासारखी बसते,
कूळकायदा ठाऊक असलेलं.
चार सीट झाल्या, बोटांची टोकं सुरकुतली,
खाडीला ओहोटी लागली, बगळे उतरले,
थोरला म्हणाला, काकी, भूक लागली.
त्याला भाकरी दिली. स्वतः उभ्यानंच चहा घेतला.

पाचव्या सीटवर गुलाबी डाग.
ठिपका नाही, केस नाही, हाताला काही लागत नाही,
तरी आहे. तळहाताएवढा.
व्हिनेगर लावलं, खायचा सोडा लावला,
लिंबू चोळून दोन दिवस उन्हात ठेवली.
बाजूचं पांढरं आणखी पांढरं झालं,
त्यामुळे डाग आणखी गुलाबी.
तो वर नव्हताच.
खालच्या फोमात काहीतरी जगलं, मेलं,
आणि रंग तेवढा वर पाठवला.

बंदराचा साहेब येऊन गेला.
जॅकेटं मोजली, इंजिन ऐकलं, सीटकडे बघितलंही नाही.

पहिलं गिऱ्हाईक पुण्याचं, सहा जणांचं.
त्यातली एक बाई पाचव्या सीटशी थांबली,
ओढणी गोळा करून म्हणाली, हे काय?
मी पुढं नांगराची दोरी गुंडाळत होते.
बुरशी हा शब्द जिभेवर आला होता,
माझ्याच तोंडून ऐकू आलं:
सोलकढी सांडली.

ती हसली आणि बसली.
अगदी डागावरच बसली.
आणि कर्लीच्या मुखाशी, बोट पहिल्या लाटेवर चढताना,
वळून ओरडली, परतल्यावर मिळेल का हो? सहा ग्लास?

ह्यांनी टिलरवरचा हात न काढता माझ्याकडे पाहिलं.
पांढऱ्याबद्दल काही बोलले नाहीत.
तपकिरीबद्दल मीही नाही.

परतल्यावर दोन नारळ फोडले,
आमसुलं कोमट पाण्यात टाकली, कुस्करली,
लसूण ठेचली, रस ओतला,
आणि पातेल्यात रंग चढत गेला हळूहळू,
तोच.
इतका तोच,
की क्षणभर हात थांबला माझा,
आणि आठवू लागलं,
मे महिन्यातली कुठली फेरी असेल,
कुणाच्या हातून सांडली असेल.