रिकामं सोडल्यास

नावं ठेवणं हे माझं काम होतं,
सप्पोरोत, मासळीच्या गोदामावरच्या मजल्यावर,
सहा माणसं, एक रॉकेलचा हीटर.
खेळ दुसरे बनवत. मी बारसं करायचो.

बारशाचे नियम साधे.
टीव्हीवरचा खेळ खिशात आला
की नावामागे ‘पॉकेट’.
पडद्याला रंग आले, ‘कलर’.
यंत्र नवं, बटणं तीच, ‘ॲडव्हान्स’.
दोन पडदे आले तेव्हा ‘डबल’ लावून पाहिलं,
बर्गरसारखं वाटतं म्हणाले.
एकदा तर, खोटं नाही सांगत,
‘किल्लेदार मिनी पॉकेट कलर दोन’
लेबलावर मावेना
तेव्हा आम्ही किल्लेदाराचं चित्र कापलं, घोड्यासकट.
शेपूट पूर्ण ठेवलं.

साहेब कुबोउची म्हणायचे,
नाव खेळासाठी नसतं, दुकानदारासाठी असतं,
कुठल्या खणात ठेवायचं ते कळलं की झालं.
आम्ही नावं ठेवली.
मग मासिकांनी ठेवली.

आतल्या नावांचं खातं ताझुकोकडे.
खेळणाऱ्याला स्वतःचं नाव लिहायला चार घरं.
चारच. आणि आमच्या लिपीत
‘क’चा ‘ग’ करणारी दोन टिंबं
तीही एक अख्खं घर अडवत,
कडेवरच्या पोराचं पूर्ण तिकीट काढावं तशी.
पत्रं यायची:
मी नागाहिदे, इयत्ता तिसरी,
पण राजकन्या सोडवली ती नाकाहितेने.
आता बक्षीस कोणाचं?
ताझुको प्रत्येकाला उत्तर लिहायची.
दोघांचं, असं लिहायची.

आणि ज्याने काहीच लिहिलं नाही,
घाईघाईत स्टार्ट दाबलं,
त्याला खेळ आपणहून एक नाव देई.
ते तिच्या मनावर.
बहुतेकदा फळं. एकदा शेजाऱ्यांचं मांजर.
सहाव्या खेळात तिने घातलं: शिगे.
कोण, आम्ही विचारलं नाही.
ती शाकोतानच्या किनाऱ्यावरची,
घरच्यांच्या माकुळाच्या होड्या,
आणि ऑक्टोबरात चार दिवस ती गावी जायची,
येताना काही आणायची नाही.

शेवटच्या रात्री अकरा बाइट कमी पडले.
इथून एक काढ, तिथून दोन.
पहाटे तीनला मी शिगेची टिंबं कापली.
शिके झालं.
सकाळी छापायला गेल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला:
शिके म्हणजे आमच्याकडे खवळलेला समुद्र,
होड्या धक्क्याला बांधून ठेवायचा दिवस.

माफी मागायला गेलो.
ती हीटरवर हात शेकत होती.
राहू दे, म्हणाली.
निघाल्या नाहीत तर बरंच.

सव्वीस वर्षं झाली. खाली आता मासळी नाही, योगवर्ग आहे.
परवा तानुकिकोजीच्या बाजारात
टोपलीतल्या जुन्या काडतुसांत तो खेळ सापडला,
तीनशे येन.
मागे मार्करने कोणाचं तरी आडनाव, खोडलेलं,
त्यावर दुसरं आडनाव, तेही खोडलेलं.
गल्ल्यावरचा मुलगा म्हणाला,
आजोबा, इतकं लांब नाव कोणी ठेवलं हो?
मी म्हटलं, असतात लोक.

घरी लावला.
आतली बॅटरी मेली असणार अशी खात्री होती.
नव्हती.
एकच साठवलेला खेळ.
नाव शिके. पातळी एकतीस. सेहेचाळीस तास.

म्हणजे कोणीतरी पोर,
चार घरं भरायचा कंटाळा केलेलं,
त्याला घेऊन सेहेचाळीस तास हिंडलं.
शेवटी कुठल्याशा सरायीत झोपवून
यंत्र बंद केलं असेल, जेवायला बोलावलं म्हणून.

ताझुकोचा फोन नंबर माझ्याकडे आहे.
निदान होता.

नवा खेळ सुरू करू म्हटलं, स्वतःच्या नावाने,
तर पडदा विचारतो:
जुना पुसला जाईल. चालेल?
हो. नाही.
बाण आधीपासूनच ‘हो’ वर उभा.
तोही आम्हीच ठेवलेला.