सतरा नंबर

वार्डोमध्ये नोव्हेंबर सरता सरता सूर्य जातो
आणि जानेवारीत उगवतो, तोही नाकापुरता.
मधल्या दिवसांत गुनवोर
फ्रीजमधून उन्हाळा बाहेर काढते.
लोण्याच्या मागे, बिस्किटांच्या डब्यात
अकरा रोल,
प्रत्येकावर पेन्सिलीने तारीख आणि एखादाच शब्द :
‘वारा’. ‘मार्गिटचे गुडघे’. ‘परत वारा’.

मी तिचा भाडेकरू. दिवसभर कारखान्यात
खेकड्यांचे पाय मोडतो. संध्याकाळी
(घड्याळातल्या; आकाश केव्हाच मिटलेलं असतं)
तिच्या न्हाणीघरात दाराला टेकून उभा राहतो.
खिडकीवर ती जाड घोंगडी ठोकते.
मी एकदा म्हटलं, बाहेर रात्रच तर आहे, दोन महिन्यांची.
‘ती माणसांची रात्र. बर्फ चमकतं, बंदरावर दिवे आहेत.
फिल्मला लागतो तो अंधार घरीच करावा लागतो.’

दिवा जातो.
कात्रीचा एक आवाज.
रिळाच्या खाचेत पट्टी सरकते, किरकिरते, अडते.
एक शिवी, खास धक्क्यावरची. पुन्हा किरकिर.
एकाहत्तर वर्षांची बोटं, जाळी विणणाऱ्या घरातली,
डोळ्यांना न विचारता कामं उरकतात.
झाकणाचा टक्क.
‘लाव आता.’

पाणी वीस अंश. बाहेर उणे चौदा.
डबा उलटा, सुलटा, उलटा,
मग ओट्यावर दोनदा हलकेच आपटायचा
बुडबुडे सुटावेत म्हणून,
बाळाची ढेकर काढावी तसा.
मिनिटं मोजणं माझ्याकडे.
एवढ्या एका कामात मी आजवर चुकलेलो नाही.

चौथ्या रोलवर लिहिलं होतं ‘गोदाम’.
धक्क्यावरचं, माशांचं, सप्टेंबरात पाडलं ते.
त्याच्या खिडक्याखिडक्यांत किटिवेक पक्ष्यांची घरटी,
खाली पांढऱ्या शिटेची ओघळं, कान किटतील असा कलकलाट.
जूनमध्ये रात्री एकच्या उन्हात
गुनवोर तिथे चार तास बसली होती.

पट्टी बाहेर आली ती काचेसारखी कोरी.
कॅमेऱ्यात तिचं टोक अडकलंच नव्हतं.
छत्तीस वेळा खटका, छत्तीस वेळा
दांडा नुसताच फिरलेला.
काठावर तेवढे कंपनीने आधीच उमटवलेले आकडे,
घरं पाडून दारावरचे नंबर ठेवावेत तसे.

आस्लाक तेवढ्यात कॉड मासा घेऊन आला.
पाहिलं, चुकचुकला, फोन काढला.
‘माझ्याकडे आहेत की. दोनशे चौदा.’
तिने हात पुसले, दहाबारा सरकवले अंगठ्याने.
‘छान आहेत. यातला कुठला काढताना थांबला होतास?’
आस्लाकने आठवून पाहिलं. मासा हातात ठिबकत होता.

मग ती टबाच्या कडेवर बसली,
पट्टी बोटांतून जपमाळेसारखी पुढे ओढत.
‘एक. दाराची कडी, गंज खालून वर चढलेला.
दोन. तीच, ढग आल्यावर.
तीन ते सहा, पिल्लू. सहाव्यात चोच मिटलेली, नशीब.
सात घ्यायला नको होता, पण पोरं हसली.
आठसाठी वीस मिनिटं थांबले, सावली पायरीवर यायला…’

आम्ही ऐकत होतो. मी मिनिटं मोजायचा थांबलो होतो.

‘सोळा. फुटकी काच, तिच्यातून समुद्र.
सतरा.’

सतरा.
नळ ठिबकला. आस्लाकचा फोन आपोआप विझला.
‘अठरा,’ ती म्हणाली, आणि छत्तीसपर्यंत गेली.

मग ती कोरी पट्टी तिने पुरती दहा मिनिटं धुतली,
वरती चिमटा, खाली वजनाला चिमटा,
इतरांच्या ओळीत वाळत घातली.

अडीच वाजता माझ्या दारावर थाप.
अंगावर ओव्हरकोट, पायांत मोजे, केस पिंजारलेले.
‘सतरा म्हणजे तू!
सायकल ढकलत मधेच आलास, टोपी उलटी, तोंडात पाव.
फ्रेम वाया गेली म्हणून इतकी चिडले होते तुझ्यावर.’

आणि उत्तराला न थांबता जिना उतरून गेली.