ट्रायपॉड गाडीतच राहू दे

पुण्याहून चौघं आले, अमळनेरात उतरले,
माझी गाडी ठरवली आठ दिवसांची
आणि पहिल्याच दिवशी काचेवर कागद चिकटवला:
लाइट नाही. ट्रायपॉड नाही. संगीत नाही.
जागची वस्तू हलवायची नाही.
एकदाच घ्यायचं, दुसऱ्यांदा नाही.
आपल्यातलं कुणी दिसायचं नाही.
सातवा ठळक अक्षरांत: दिग्दर्शकाचं नाव नाही.

वीस वर्षं लग्नं शूट करतो मी, बोरीच्या दोन्ही काठांवर.
लाइट नाही हा महावितरणचा नियम,
ऐन हळदीला लागू.
ट्रायपॉडचा पाय भरवसच्या वरातीत मोडला
तेव्हापासून मीही हातानेच.
आणि दुसऱ्यांदा कुठून घेणार?
मला कुणी चळवळ म्हणालं नाही.
म्हणाले, भाऊ, पाचशे कमी घ्या.

सुपडाबाई ओट्यावर शेंगा फोडत होती.
ऋत्विज हळूच म्हणाला, ते निळं पिंप जरा बाजूला,
फ्रेममध्ये खुपतंय.
भिकनने पिंप उचललं. नियम चौथा
पाण्यासकट भिंतीमागे गेला.
मग तिला मेलेल्या लेकाचं विचारलं. ती रडली.
नेमका तेव्हाच फोकस गेला.
मावशी, अजून एकदा?
तिने पदराने नाक पुसलं.
"कायदा तुमना शे भाऊ. रडनं मनं शे."

एकादशी, दुप्पट खाशी.
उपास धरणाऱ्याला भगर, आमटी, वर राजगिऱ्याचा लाडू.
ज्याच्या डब्यात पीठच नाही
त्याने कागद कुठे चिकटवायचा?

जळगावला दाखवला पिक्चर.
पडद्यावर नाव नव्हतं, खरंच नव्हतं.
निवेदिकेने माईकवर पाच वेळा घेतलं, मी मोजलं.
सुपडाबाईचं एकदाही नाही,
तिला तर नियमही नव्हता.
मी आपला बिनधास्त टाकतो माझं नाव,
गुलाबांतून गरगरत येतं, खाली मोबाईल नंबर.

खोटं कशाला बोलू, एक शॉट आवडला होता मला.
कॅमेरा बाजेवर चालूच राहिलेला, कुणाच्या ध्यानात नाही.
तिरपं आभाळ, टरफलं,
ऋत्विज उकिडवा, ओंजळ तोंडाशी,
सुपडाबाई वरून तांब्याने धार सोडतेय.
कुणी बोलत नाही.
नुसता घटाघटा आवाज.

त्याने तो कापला. नियम सहावा.
कार्ड रोज माझ्याच लॅपटॉपवर उतरायचं.
आहे अजून,
कुंझरच्या बारशाच्या फोल्डरमध्ये,
डिलीट करायचं राहून गेलंय.