बोटाएवढी जागा

अमळनेर–चोपडा, सकाळची पावणेसातची गाडी.
डावा खुबा तिसऱ्या सीटच्या दांडीला टेकवायचा,
पैशांची पिशवी डाव्या खांद्याला,
उजव्या हाताने तिकीट.
सतरा वर्षं.
दांडीचा रंग उडालाय तिथे.
माझंही काही उडालं असणार.

दुखायचं ते मी ‘कंबर’ म्हणून सांगत आले.
डेपोत कंबर, घरी कंबर,
मेडिकलवाल्याला कंबर,
त्याने कमरेचीच गोळी दिली, कमरेचाच पट्टा.
कमरेला बिचारीला काही झालेलंच नव्हतं.
त्याखाली, आत,
जिथे मांडी धडाला अडकवलीये,
त्या जागेला शाळेच्या पुस्तकात एक नाव होतं.
घरात नव्हतं.
म्हणजे होतं, पण ते शिवीत होतं.

निंबाआप्पा, माझे ड्रायव्हर, म्हणाले,
माझी मान त्यानेच सोडवली,
स्टेअरिंगकडे गहाण पडली होती.
दगडी दरवाजाजवळ, बियाण्यांच्या दुकानावर,
डॉक्टर हर्षल बेडसे.
जिन्याला बावीस पायऱ्या,
मला वाटलं हीच पहिली तपासणी.

टेबलावर प्लास्टिकचा सांगाडा,
पुरा नाही, नुसता मधला तुकडा.
मी म्हटलं, हे मांड्यांचं खापर कोणी फोडलं?
बुडाला केवढं भोक!
तो हसला. म्हणाला, त्यातूनच आलो ना आपण सगळे.
मग मला हसू येईना.
दोन बाळंतपणं त्या भोकातून,
धाकटा पावणेचार किलोचा,
आणि रजा संपल्याच्या दुसऱ्या दिवशी
मी पुन्हा त्या दांडीला.

‘कोठे दुखी ऱ्हायनं?’
मी तळहात फिरवला, अख्ख्या बाजूवरून.
‘तळहात नको. एक बोट ठेवा.’
एक बोट.
इतकं लहान उत्तर मला कोणी मागितलंच नव्हतं.
कोपऱ्यात कल्पनाताई, मुद्दाम बसवलेली,
खिडकीबाहेर बघायला लागली.
अंधारात मशीनचं बटण चाचपावं
तसं मी माझंच अंग चाचपलं.
पाठीला खळगी पडते ना, तिच्या जरा खाली.
तठे.

पालथं झोपवून त्याने टाचा जुळवल्या.
डावी अर्ध्या बोटाने वर.
पाय आखूड नाही, म्हणाला, वरचं खापर कललंय.
म्हणजे ते खरं होतं तर.
पुलावरून मला तापी कायम
जराशी डावीकडे सांडताना दिसायची.

टेबलाचा एक तुकडा त्याने वर उचलला,
हात ठेवला, श्वास सोडा म्हणाला,
आणि तो तुकडा खाली आदळला. खट्.
आवाज टेबलाचा होता, हाडाचा नव्हे.
मी मात्र ‘व माय’ म्हणून ओरडले
आणि खाली बियाण्यांच्या दुकानात कोणीतरी
बोलायचं थांबलं.

हाड बसवलं का?
‘हाड बसलेलंच असतं. सांधा अडकला होता, हलवलाय.
एवढ्याने भागणार नाही, शनिवारी या.
पिशवी खांदा बदलून घ्या. आणि ती दांडी सोडा.’
चारशे रुपये.
मी दहा-दहाच्या नोटांत दिले, सवयीने दोनदा मोजून.

उतरताना अकरा पायऱ्या काही नाही.
बाराव्या पायरीला दुखलं.
पण आता मला माहीत होतं काय दुखलं.

दुसऱ्या दिवशी पिशवी उजवीकडे.
दोघांना चुकीची तिकिटं गेली,
एका आजोबांना तर हाफ.
वळण आलं की खुबा आपसूक दांडीकडे निघतो,
लग्नात जुन्या पाव्हण्याकडे सरकावं तसा.
मी त्याला मागे ओढते.
कधी ओढते, कधी जाऊ देते.

रात्री नवऱ्याने अंधारात विचारलं,
कंबर कशी शे?
मी त्याचं बोट धरलं
आणि नेऊन ठेवलं त्या जागेवर.
‘आठे,’ म्हटलं.
तो काही बोलला नाही.
बोट मात्र बराच वेळ तिथेच होतं,
हात झोपेत जड होईपर्यंत.