खिंडीपासून

एकतीस वर्षं मी जमीन आडवी मोजली.
साक्री, शिंदखेडा, नवापूर.
गट नंबर, पोटहिस्सा,
दोन भावांमधला वीतभर बांध.
आडव्या मापापाशी माणसं कुऱ्हाड घेऊन उभी राहतात.
निवृत्त झालो नि उभं मोजायला लागलो.
उंचीला सातबारा नसतो.

वहीच्या पहिल्या पानावर आमचा नियम, लाल शाईत:
समुद्रापासूनची उंची कुणालाही असते,
धुळ्याच्या बस स्टँडलाही आहे.
स्वतःची उंची खिंडीपासून धरायची.
शेजारच्या मोठ्याकडे जाताना
जितकं उतरावं लागतं, तितकाच तू तुझा.
तीस मीटर भरले तर डोंगर.
कमी भरले तर बरडी.
दहाच्या आत, मोठ्याचा नुसता खांदा.

आमचा म्हणजे माझा आणि उखर्डू बोरसेचा.
खात्यात साखळी ओढता ओढता त्याचा एक खांदा उतरला,
पण पट्टी अशी धरतो
की तिच्यावरचा बुडबुडा मधोमध झोपी जातो.

फाल्गुनात कोकऱ्याला गेलो.
नकाशात त्याला नाव नाही, एक वाकडी रेघ आहे.
भोवतालच्या उंच माथ्यांवर पवनचक्क्या,
हा ठेंगणा म्हणून सुटला.

खिंड सापडणं शिखरापेक्षा अवघड.
दोन डोंगरांमधली सगळ्यात खालची
आणि दोन उतारांमधली सगळ्यात वरची,
अशी एकच जागा असते, आणि ती दिसत नाही.
उखर्डूनं बाटली तिरपी केली.
थोडं पाणी पांझरेकडं गेलं,
थोडं बुराईकडं.
जिथं ते क्षणभर गोंधळलं
तिथं खिळा ठोकला.

मग कुसळांतून, साबरकांड्यांतून,
पट्टी पुढं, यंत्र मागं, यंत्र पुढं, पट्टी मागं,
अकरा मुक्काम करून माथ्यावर.
माथ्यावर शेंदूर.
हातभर उंच दगड, डोळे चांदीच्या वर्खाचे.

उखर्डूनं चपला काढल्या.
"साहेब, डोक्यावर धरू का शेजारी?"
दोन्ही घेऊ, म्हणालो.
त्यानं हात जोडले, पुटपुटला काही,
आणि देवाच्या टाळूवर पट्टी टेकवली.
तीस पूर्णांक एकतीस.
मग पायाशी:
एकोणतीस पूर्णांक शहाऐंशी.

नियमाचं दुसरं पान:
माणसानं रचलेलं धरायचं नाही.
कठडा, चुन्याचा खांब, दगडांची रास, सगळं वजा.
खडक मात्र हलत नसेल तर धरायचा.
म्हणजे प्रश्न एवढाच उरला
की देव स्वयंभू आहे की बसवलेला.

बुडाशी बोट फिरवलं.
शेंदराची पुटं इतकी जाड
की सांधा आहे का नाही, नखाला कळेना.
पहार पिशवीत होती.
ती पिशवीतच असल्याचं आम्ही दोघांनीही
एकमेकांना सांगितलं नाही.

मेंढ्यांमागून मथाबाई ठेलारी वर आली.
तिला विचारलं, हा दगड इथलाच?
"मन्हा सासरा सांगे, हाऊ आठेच उगना."
बरं झालं, म्हणून मी पेन उघडलं.
"सासू सांगे, खालथून डोकावर लई उना."
मग कोणाचं खरं, बाई?
तिनं एका कोकराला काठीनं वळवलं.
"त्या दोन्ही आते नही."
वहीत डोकावली, आकड्यांकडे बघून हसली.
"मंग काल लगून हाऊ काय व्हता?"

दोन साक्षी, दोन जबाब, दोघंही मयत.
खात्यात असतो तर लिहिलं असतं, फेरफार प्रलंबित.
वर्गाच्या रकान्यात मी पेन्सिलीनं 'बरडी' लिहिलं,
खोडलं,
परत लिहिलं, जरा फिकट.

उतरताना उखर्डू खिळ्यापाशी थांबला,
पट्टी उलटी धरून बूड बघत राहिला.
शेंदूर लागलाय, साहेब.
पुसू नको, म्हणालो.
अर्धा मिलिमीटर असेल.
पुढच्या डोंगराला वजा करू.