नाकासमोर

दर दोन वर्षांनी प्योसाहेब येतात मासळीबाजारात,
हातात लाकडी पेटी, पेटीत पितळी वजनं
निळ्या मखमलीत निजलेली.
मी बर्फ बाजूला सारते, काटा पुसून देते.
ते किलोचं ठेवतात, मग पाचशेचं, मग दोनशेचं,
चष्मा कपाळावर चढवून आकडा वाचतात
आणि शिक्का मारतात.
एका साली माझा काटा वीस ग्रॅम चुकला,
तर वाकटीची टोपली तशीच टाकून
दुपारभर दुरुस्तीवाल्याच्या दारात बसवलं मला.
राग आला होता. पण बरोबर होतं त्यांचं.
मापात पाप नको, एवढंच तर म्हणत होते.

हानग्योलच्या फोनमधल्या काट्याला शिक्का नाही.

माझा मुलगा बुसानच्या चढांवर जेवण पोचवतो.
आमचं बेट कसं आहे ते सांगायला हवं:
एकाचं छप्पर म्हणजे वरच्याचं अंगण,
मध्ये एकशे ऐंशी पायऱ्या,
आणि रस्ता, तो डोंगराला अंग घासत
मांजरासारखा रेंगाळत वर येतो.
ॲप मात्र नाकासमोर चालतं.
दुकानापासून दारापर्यंत एक सरळ रेघ:
डोंगराच्या पोटातून, कुणाच्या न्हाणीतून,
गोदीत उभ्या जहाजाच्या आरपार.
रेघेला दम लागत नाही.
रेघ म्हणते सातशे मीटर, नऊ मिनिटं.
स्कूटर म्हणते दोन किलोमीटर आणि वर शंभर.
पैसे रेघेचे मिळतात,
पेट्रोल रस्त्याचं जळतं.

इथे बर्फ क्वचितच पडतं, म्हणून पडलं की कुणाला चालवता येत नाही.
त्या रात्री त्यानं एक फेरी नाकारली.
कुणी ओरडलं नाही.
ओरडायला कुणीतरी असावं लागतं.
फोन नुसता मुका झाला, तीन दिवस,
आणि पोरगा तो उशाशी घेऊन
आजारी लेकराकडे बघावं तसा बघत राहिला.

मग त्यांनीच मोजायला घेतलं.
सहाजण, एक वही.
ओकबुनबाई एकसष्ट वर्षांची, पायीच पोचवते,
ती पायऱ्यांवर खडूचे आकडे टाकत गेली.
पावसानं ते दोनदा धुतले, तिनं तिसऱ्यांदा टाकले.

जुलैत पालिकेत सुनावणी झाली.
मी हात लिंबानं धुऊन गेले होते,
तरी शेजारचा माणूस एक खुर्ची सरकला.
वही पुढे ठेवली. कंपनीचा वकील हसून म्हणाला,
हिशोबाची रीत हे आमचं धंद्याचं गुपित.
समितीनं मान डोलावली, पाणी प्यायलं,
पुढची तारीख दिली.
मी मनात म्हटलं, धंदा माझाही आहे बाबा.
उद्या मी काट्यावर फडकं टाकून वाकटी विकते,
घेशील?

परवा प्योसाहेब आले.
शिक्का झाल्यावर मी विचारलं,
याचा काटा तपासाल का?
त्यांनी पेटी मिटली.
म्हणाले, माझ्याकडे वीस किलोपर्यंतची वजनं आहेत.
याचं वजन अजून कुणी ओतलेलं नाही.
मग काय वाटलं त्यांना, कोण जाणे,
हानग्योलच्या हातातला फोन घेतला
आणि माझ्या काट्यावर ठेवला.
दोनशे बारा ग्रॅम.
बरोबर, म्हणाले, आणि हसले नाहीत.

तेवढ्यात फोन वाजला.
काटा थरथरायला लागला:
दोनशे अकरा, दोनशे चौदा, दोनशे नऊ,
आकडा ठरेना.
आम्ही तिघं त्याच्याकडे बघत होतो.
पडद्यावर एक रेघ उमटली होती,
बाजारातून वर, सरळ,
आणि पोरानं हेल्मेट उचललं होतं.